खात्रीचा प्रश्न

अरुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे सांगितल्याशिवाय सोसायटीतल्या एकाही बाईच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते त्या परदेशी साहेबाच्या अर्ध्या तासात लक्षात आलं. तो सोफ्यावर तिच्या डाव्या हाताला बसला होता. तो बोलायला लागला की ती मान वळवून उजवी बाजू त्याच्याकडे करायची. असं तिसऱ्यांदा की चौथ्यांदा झालं तेव्हा तो बोलता बोलता थांबला, उठला, टीपॉयला वळसा घालून तिच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर येऊन बसला आणि काही झालंच नाही अशा आवाजात त्यानं आपलं वाक्य पुरं केलं. अरुणाच्या अंगावर सरसरून काटा आला. नवऱ्याला बंडखोरांनी धरून नेलंय हे कंपनीच्या माणसानं दारात उभं राहून सांगितलं तेव्हासुद्धा तिला असं झालं नव्हतं. तेव्हा तिनं त्या माणसाला आत बोलावून आधी पाणी दिलं होतं. पण आपल्यासाठी कुणीतरी उठून जागा बदलली हे तिला सोसेना. चहा नुकताच पिऊन झाला होता, तरी ती पुन्हा चहा टाकायला म्हणून आत गेली.

आधण ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. कोपरखैरण्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरून बोनकोडे गावाची उरलीसुरली कौलं दिसायची, कौलांना खेटून उठलेल्या चारमजली इमारती दिसायच्या, आणि वारा फिरला की रबाळ्याकडून एक आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास यायचा. दिलीप त्या वासाला 'आपला पगार' म्हणायचा. रबाळ्याच्या पंपांच्या कंपनीत तो सुपरवायझर होता. आफ्रिकेतल्या कुठल्याशा खाणीत पाणी उपसायला कंपनीचे पंप गेले आणि ते बसवून द्यायला दिलीप आणि फिटर कासिम असे दोघं तीन महिन्यांसाठी गेले. त्या देशाचं नाव त्याआधी या घरात कुणी घेतलं नव्हतं; आता दिलीपच्या आई, राजाबाई, ते सकाळी देवाच्या आधी घ्यायच्या, आणि रोज वेगळं घ्यायच्या. खाणीवरून मुक्कामाला येणारी गाडी बंडखोरांनी अडवली आणि आतल्या सगळ्यांना जंगलात नेलं. तिथल्या सरकारला स्वतःचं जंगलच धड ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं एका बड्या देशाकडे मदत मागितली. त्या देशानं विमानं दिली, शिपाई दिले, आणि घराघरांत जाऊन हळू आवाजात बोलणारी अशी माणसंही दिली. त्यातला हा एक, दिल्लीची परवानगी काढून, अरुणाच्या सोफ्यावर येऊन बसला होता आणि तिच्या कानाकडे बघत होता.

साहेबाचं इंग्रजी दिलीपचे थोरले भाऊ नंदकुमार मराठीत सांगत होते. नंदकुमार बँकेत अधिकारी होते आणि कुठल्याही साहेबासमोर ते आणखी थोडे अधिकारी होत. अरुणा बी.ए. झालेली, तिला साहेबाचं जवळजवळ सगळं कळत होतं. पण थोरले दीर बसलेले असताना तिनं परक्या माणसाशी थेट इंग्रजीत बोलायचं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नसतं, तिच्याही नाही. ती साहेबाचं वाक्य ऐकायची, मग त्याच वाक्याचं मराठी ऐकायची, आणि मधल्या वेळात वाक्यातून काय काय गळालं ते बघत बसायची. साहेब म्हणाला, पकडलेल्यांचे दोन तळ आहेत, एक नदीकाठी, एक डोंगरात. कोण कुठं आहे आणि कोण जिवंत आहे हे माहीत नाही. मेलेल्या माणसाच्या नावावरही ते लोक सौदा करतात. आमचे शिपाई उतरतील ते जिथं माणूस असल्याची खात्री आहे तिथंच. रिकाम्या तळावर उतरले तर दुसऱ्या तळावरच्यांचे गळे चिरले जातील. नंदकुमारांनी 'गळे चिरले जातील'चं मराठी 'बाकीच्यांना त्रास होऊ शकतो' असं केलं. राजाबाईंनी मान हलवली. त्रास त्यांना समजत होता.

म्हणून खात्रीचा प्रश्न हवा होता. एक म्हातारा पाद्री दोन्ही तळांवर जाऊन येऊन होता, त्याच्याजवळ प्रश्न द्यायचा आणि उत्तर तेवढं घेऊन यायचं. प्रश्न असा की ज्याचं उत्तर दिलीपशिवाय कुणालाच देता येऊ नये. साहेब म्हणाला, 'जुळलं की तो तुमचा माणूस. नाही जुळलं, तर—' वाक्य त्यानं तिथंच सोडलं, आणि नंदकुमारांनी ते उचललंच नाही. राजाबाई म्हणाल्या, 'त्याच्या मांडीवर भाजल्याचा डाग हाय, पेज सांडली हुती ल्हानपनी. त्यो इचारा की.' डाग पकडणाऱ्यांनाही दिसतो, साहेब म्हणाला. शाळेचं नाव, गावचं नाव, लग्नाची तारीख, सगळं कुठल्या ना कुठल्या कागदावर असतं. मग तिघंही अरुणाकडे बघायला लागले. बायकोला माहीत असणारच, असं ते बघणं होतं.

अरुणा शोधायला लागली आणि तिला काही सापडेना. बारा-तेरा वर्षांच्या संसारात दोघांनाच माहीत असलेलं असं एक चिमूटभरही काही नव्हतं. दिलीपला काय आवडतं ते राजाबाईंना माहीत होतं, दिलीप कशाला घाबरतो ते कंपनीला माहीत होतं, दिलीप घोरतो हे भिंतीपलीकडच्यांना माहीत होतं. मूल झालं नाही, त्याची एक गोष्ट राजाबाईंनी करून ठेवली होती आणि तीही सगळ्यांना माहीत होती. तिला इशरतचा हेवा वाटला. इशरत म्हणजे कासिमची बायको, पलीकडच्या सेक्टरात राहायची. तिचा प्रश्न सकाळीच देऊन झाला होता. जिन्यात भेटली तेव्हा ती रडता रडता हसत होती. 'वैनी, लग्नानंतरच्या पयल्या ईदला मला मदत करायला आले नि शीरखुर्म्यात साखरेच्या जागी मीठ घातलं यांनी! सासूबाईंना मी बोलले, माजीच चूक झाली. अजून त्यांना म्हायती नाय. तेच विचारलं मी, खुर्म्यात काय पडलेलं.' एवढं मूठभर मीठ नवरा-बायकोनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आता ते कामाला आलं होतं. अरुणाच्या वाट्याला असं काहीच आलं नव्हतं. म्हणजे एक होतं. पण ते मनात येऊ न देण्याची तिला इतकी सवय झाली होती की ते आलंच नाही; ते साहेबानंच आणलं.

'तुमचा डावा कान,' साहेब तिच्याकडे बघून म्हणाला. 'तो कशानं गेला?'

तिनं तोंड उघडलं की नाही हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. नंदकुमार उत्साहानं पुढं सरकले. 'अरे, हे कसं सुचलं नाही! फटाका, साहेब. दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाशी फुटला हिच्या. दिलीप तिथंच होता.' मग तेच इंग्रजीत. साहेबानं विचारलं, हे बाहेर कुणाला माहीत आहे? नंदकुमार म्हणाले, घरातलीच गोष्ट आहे, त्या जंगलात कुणाला माहीत असणार. राजाबाई म्हणाल्या, 'फटाकाच. मी सोता हुते.' साहेब अरुणाकडे वळला. बरोबर? अरुणानं मान डोलवली. ती मान डोलवणं जुनं, सरावाचं होतं. गळ्याचे स्नायू ते आपोआप करत. प्रश्न ठरला, तुझ्या बायकोचा डावा कान कशानं गेला. उत्तर ठरलं, दिवाळीचा फटाका. साहेब उठला, जाताना त्यानं तिच्या उजव्या बाजूनं नमस्कार केला.

फटाका नव्हता. दिवाळी चार दिवसांवर होती आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. ती साखर दळत होती, राजाबाई करंज्या तळत होत्या, बाहेर शारजाची मॅच लागली होती. दिलीपनं पाणी मागितलं असावं. मिक्सरच्या आवाजात ते आत आलं नाही. पुन्हा मागितलं असावं, आणि मधेच कुणीतरी आऊट झालं असावं. तो दारात आला, 'ऐकू येत नाही का तुला?' म्हणाला, आणि उघड्या पंजानं कानावर मारलं. एवढंच. रागही फारसा नव्हता त्यात. अरुणाला आठवायचं ते दुखणं नाही. मिक्सर समोर गरगरत होता आणि त्याचा आवाज एका बाजूनं पुसून गेला होता, हे तिला आठवायचं. मग कानातून काहीतरी कोमट मानेवर आलं. राजाबाईंनी वळून बघितलं, आधी गॅस बंद केला, कारण करंज्या जळाल्या असत्या, आणि मग पदर ओला करून पुढं आल्या. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा अरुणा बोलायच्या आत राजाबाई बोलल्या होत्या. दिवाळीचे दिवस, खालच्या पोरांनी फटाका टाकला. डॉक्टर म्हणाला, इतक्या जवळ? राजाबाई म्हणाल्या, 'अवो, पोरांना काय कळतंय.' दिलीप बाकावर खाली मान घालून बसला होता. परतताना रिक्षात तो डावीकडे बसला आणि घर येईपर्यंत काहीतरी बोलत होता. काय ते अरुणाला कधी कळलं नाही.

माफी मागत असावा, असं तिनं धरून घेतलं. पण पुढच्या दिवाळीला जिन्यात पोरं फटाके वाजवायला लागली तेव्हा दिलीप बाहेर येऊन म्हणाला, 'ए, लांब व्हा रे, काकूचा कान असाच गेला.' पहिल्या वर्षी हे म्हणताना तो खाली बघत होता. दुसऱ्या वर्षी बघत नव्हता. तिसऱ्या वर्षी गोष्टीला हातपाय फुटले: बॉम्बवरचा हिरवा कागद, तो टाकणारा चड्डीतला मुलगा, हिला हातावर उचलून जिना उतरताना त्याची गेलेली चप्पल. त्यानं फटाके आणणं सोडून दिलं आणि कंपनीत सगळे त्याचं कौतुक करायला लागले. कुणी विचारलं तर तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ती गोष्ट सांगायचा आणि शेवटी तिच्याकडे बघायचा, आणि ती मान डोलवायची. एकदाच, घरी दोघंच असताना, तिनं धीर करून विचारलं होतं, 'तुम्ही मारलं होतं ना मला?' दिलीपनं हातातला पेपर बाजूला ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं, एखाद्या लहान पोरासारखं. 'कधी? अगं, फटाका नव्हता का तो?' इतका निष्पाप चेहरा होता तो की अरुणाच शरमली. म्हणाली, नाही, माझंच काहीतरी. त्या दिवसानंतर तिला कधीमधी, मिक्सर लावला की, फटाक्याच्या दारूचा जळका वास यायला लागला.

त्या चेहऱ्यावर अरुणानं आपला उरलेला संसार उभा केला होता. तो खोटं बोलत नाही, तो विसरलाय. जो विसरला त्याच्याशेजारी झोपता येतं. ती उजवा कान उशीत दाबून झोपायची, की मग त्याचं घोरणं, पंखा, खालची कुत्री, सगळं जग एकदम बंद व्हायचं. त्या बंद जगात ती स्वतःला समजावायची की गोष्ट सांगून सांगून त्याला खरी झाली, बिचाऱ्याचा तरी काय दोष. म्हणून साहेबासमोर मान डोलवताना तिला भीती वाटली नव्हती. खरं काय झालं हे विचारलंच नव्हतं कुणी. दिलीप काय म्हणेल हे विचारलं होतं. आणि डोक्याला बंदूक लावली तरी दिलीप फटाकाच म्हणणार, याबद्दल तिच्या मनात तसूभर शंका नव्हती. त्याच्याबद्दल इतकी खात्रीनं माहीत असलेली ती एकच गोष्ट होती. वाट बघण्याच्या त्या दिवसांत ती फोनसाठी उजवा कान वर ठेवून झोपायला लागली आणि सगळं जग पुन्हा आत यायला लागलं. झोप लागेना. तिला त्याची काळजी वाटत होती, खरीच वाटत होती. त्याला डास फार चावतात, पाणी उकळून दिलं नाही तर लगेच पोट बिघडतं, हे तिला भाजी चिरता चिरता आठवायचं आणि डोळे भरायचे. बोनकोड्याची गोजरा मासे घेऊन दारावर आली की टोपली उतरवायच्या आधी विचारायची, 'गावला का गो बाय तुजा दादला?' अरुणा म्हणायची, अजून नाही. मग गोजरा एक बोंबील जास्तीचा टाकायची.

इशरतचं उत्तर आधी आलं. मीठ. ती धावत जिना चढून आली आणि तिनं अरुणाला अशी मिठी मारली की दोघी दाराच्या कडीवर आदळल्या. राजाबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली, आणि ती गेल्यावर अरुणाला म्हणाल्या, 'आता आपलं. टेन्शन घिऊ नगंस.' टेन्शन हा शब्द त्या सोसायटीत येऊन शिकल्या होत्या.

साहेब आला तेव्हा भर दुपार होती. नंदकुमार बँकेतून तसेच निघून आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. साहेब बसला नाही. उत्तर आलंय, तो म्हणाला, डोंगरातल्या तळावरून आलेलं हे एकच. पाद्री म्हणतो की माणूस आधी रडला, आणि मग बोलला. साहेबानं एक क्षण अरुणाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. 'तो म्हणाला, मी मारलं. माझ्याच हातानं. तिला माहीत आहे.'

अरुणाला पहिल्यांदा कळलं ते एवढंच की जिवंत आहे. पायांच्या तळव्यांपासून काहीतरी ऊन ऊन वर चढत आलं आणि तिला वाटलं आता आपण मोठ्यानं ओरडणार. जिवंत आहे, बोलतोय, आणि बोलला. इतकी वर्षं जे एक वाक्य तिला हवं होतं, ज्याच्या बदल्यात तिनं दुसरा कानही दिला असता, ते जंगलातून, कुणा पाद्र्याच्या तोंडून, परक्या भाषेत चालत तिच्या घरी आलं होतं. नंदकुमारांचा चेहरा लालबुंद झाला. 'छे! माझा भाऊ? हात उचलणारा माणूस नाही तो, सगळ्या बिल्डिंगला विचारा.' हे त्यांनी आधी मराठीत म्हटलं आणि मग इंग्रजीत. राजाबाई सोफ्याच्या कडेला आल्या होत्या. 'काय म्हनला? नंदू, काय म्हनला माझा दिल्या?' नंदकुमार म्हणाले, 'काही नाही, आई. भलतंच काहीतरी सांगतायत ते लोक. तो तो नव्हेच.' राजाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. त्यांना एकदा कुणी ते वाक्य मराठीत सांगितलं असतं, तर त्या साहेबाचे पाय धरून ओरडल्या असत्या की त्योच हाय, माझा दिल्याच हाय. हे अरुणाला स्पष्ट दिसत होतं. त्या खोलीत खरं माहीत असलेल्या दोघी होत्या, आणि त्यातल्या एकीलाच इंग्रजी येत होतं.

आणि तेव्हा, तोंड उघडता उघडता, तिला दुसरी गोष्ट कळली. तिला माहीत आहे, असं म्हणाला तो. म्हणजे त्यालाही माहीत होतं. विसरला नव्हता. पेपर बाजूला ठेवून 'कधी?' म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. ते नवल, तो लहान पोराचा चेहरा, ते त्यानं केलं होतं, समोर बसून, तिच्यासाठी खास. हिरवा कागद रचताना माहीत होतं. चप्पल रचताना माहीत होतं. खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांदेखत तिच्या तोंडाकडे बघत तो जेव्हा मान डोलवायची वाट बघायचा, तेव्हा माहीत होतं, आणि बघायचा तो त्यासाठीच. तिला फटाक्याचा वास यायला लागला तो त्यानं आणला होता. एक थप्पड तिनं केव्हाच माफ केली असती. थप्पड एक होती. अंगात चढलेली ती ऊब तिथल्या तिथं थिजली, आणि तिच्या जागी तिला इतका स्वच्छ, इतका मोठा राग आला की तिला तो आनंदच वाटला.

साहेब सांगत होता की दुसरा प्रश्न पाठवायला वेळ नाही. पाद्र्याला आता परत जाऊ देणार नाहीत, आणि डोंगरातला तळ हलायच्या बेतात आहे. आजच ठरवायला हवं. मग तो टीपॉयला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला आणि खुर्चीवर न बसता गुडघ्यावर बसला. नंदकुमारांना ते आवडलं नाही. साहेब हळू, सुटं सुटं इंग्रजी बोलला. 'बाई, मी फक्त तुम्हाला विचारतोय. हे उत्तर बरोबर असण्याची काही शक्यता आहे? मला कारण नको. मला एक शब्द हवा. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही त्या डोंगरावर जाऊ.' त्याचे डोळे घारे होते आणि त्यांत सगळं होतं. त्याला केव्हाच कळलं होतं. पण त्याच्या कळण्याला तिकडे किंमत नव्हती, शब्द तिनं द्यायचा होता. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं. तिला सगळं ऐकू येत होतं, एका बाजूनं, लख्ख. तिच्या मनात आलं की हा पहिलाच माणूस, जो तिला ऐकू यावं म्हणून जागा बदलून बसला. पुढच्या दिवाळीला दिलीप जिन्यात उभा राहून ही गोष्ट कशी सांगेल, तेही मनात आलं: काकूचा कान, काकांचं अपहरण, हिरवा कागद. आणि ती मान डोलवेल.

'नो,' अरुणा म्हणाली. दिरासमोर ती पहिल्यांदाच इंग्रजी बोलत होती आणि तिचे उच्चार नंदकुमारांपेक्षा बरे होते. 'इट वॉज अ क्रॅकर.'

साहेबानं एकदा तिच्या डाव्या कानाकडे बघितलं. मग उठला, पँट झटकली आणि म्हणाला, ठीक आहे. नंदकुमारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घराण्याचं नाव वाचलं होतं. राजाबाई विचारत राहिल्या, 'काय बोलली गं? काय बोललीस त्यास्नी?' अरुणा म्हणाली, 'फटाका म्हणाले मी, आई. तुम्ही सांगितलेलंच.'

शिपाई नदीकाठी उतरले आणि कासिमसकट तिथल्या सगळ्यांना सोडवून घेऊन आले. पेपरात त्या बड्या देशाचं कौतुक आलं, आपल्या सरकारचंही आलं. डोंगराकडे कुणी गेलं नाही. पावसाळा उलटल्यावर तिथल्या फौजेला डोंगरात घाईनं पुरलेली काही माणसं सापडली आणि त्यातला एक दिलीप होता. घड्याळावरून ओळख पटली. ते घड्याळ आलं तेव्हा राजाबाईंनी ते स्वतःच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होत होता, तरी त्यांनी ते काढलं नाही. अरुणा रडली. ते रडणं खोटं नव्हतं, आणि बायका म्हणाल्या, मोकळी झाली बिचारी.

कासिम भेटायला आला तो दिवाळीच्या आधी. निम्मा झाला होता आणि बोलताना सारखा दाराकडे बघत होता. अरुणानं त्याला उजव्या हाताला बसवलं. आत राजाबाई करंज्यांचं सारण परतत होत्या. सुतकातलं घर म्हणून दिवाळी नव्हती, पण नंदकुमारांच्या मुलांसाठी थोडं करायचं होतं. कासिम म्हणाला, 'वैनी, एक सांगायचंय. म्हणून आलो. तो प्रश्न विचारून गेल्यावर डोंगरावरच्यांना एकदा पाणी भरायला खाली नदीवर आणलेलं. तवा भेटले दिलीपभाई. लय खूश होते. हसत होते, खरंच. बोलले, कासिम, माज्या बायकोनं काय प्रश्न विचारलाय बघ! बोलले, दुसरा कुणी असता तर फटाकाच बोलला असता, फटाका तर सगळ्या कंपनीला म्हायती हाय. म्हणून तिनं हेच विचारलं. मी खरं सांगितलं. आता तिला कळेल मीच हाय. आता येतील ते.' त्यानं पुन्हा दाराकडे बघितलं. 'काय सांगितलं ते मला नाय बोलले. घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगणार बोलले. वैनी, मग ते लोक तिकडं का नाय गेले?'

आतला उलथण्याचा आवाज केव्हा थांबला ते अरुणाच्या लक्षात आलं नव्हतं. राजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कासिम मराठीत बोलत होता. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्यांनी अरुणाकडे बघितलं, आणि अरुणानं ते बघणं चुकवलं नाही. इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींकडे इतक्या सरळ पहिल्यांदाच बघत होत्या. म्हातारीचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. नंदकुमार तेव्हा भलतंच म्हणाले ते काय होतं हे त्यांना कळलं, आणि ज्या दुपारी त्या माळ ओढत बसल्या होत्या ती सगळी दुपार कळली. त्यांनी हात वर करून दाराची चौकट धरली, तसं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं. आता त्या ओरडतील, अरुणाला वाटलं. आता सांगतील सगळं, या कासिमला, सगळ्या सोसायटीला, सांगू देत. तिनं हात मांडीवर ठेवले आणि वाट बघितली. तिला कधी नव्हे ते स्वतःबद्दल काहीही लपवायचं नव्हतं.

'आई,' कासिमनं त्यांना विचारलं, 'काय होतं वो उत्तर?'

राजाबाईंनी घड्याळ ओढून पुन्हा मनगटावर आणलं. त्यांचा मुलगा आता फक्त त्या गोष्टीत उरला होता, बायकोला हातावर उचलून जिना उतरणारा, चप्पल हरवलेला.

'फटाका,' त्या म्हणाल्या. 'दिवाळीचा फटाका हुता, बाबा. मी सोता हुते.' आणि सारण करपेल म्हणून त्या आत गॅस बंद करायला गेल्या.